सगळं कव्हर आहे, साहेब!

चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्या आमच्या मंचर-नारायणगावकडच्या माणसांना मेडिक्लेमची भारी ऐट. एचआरवालेही पहिल्याच दिवशी सांगतात, ‘सगळं कव्हर आहे.’ माझ्या बाबतीत हे ‘सगळं’ पोटापाशी येऊन संपलं.

उंची 165 सेंटिमीटर, वजन 102 किलो. इन्शुलिन घेऊनही साखर आटोक्याबाहेर, रात्री झोपेत श्वास अडकायचा. पथ्य, गोळ्या, चालणं सगळं झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सांगितली. कॅशलेसचा अर्ज गेला आणि विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएचं एका ओळीत उत्तर आलं: लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत.

एचआरकडे गेलो. साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, “अहो, ही कॉस्मेटिक सर्जरी. तुमच्याकडे भीमाशंकर आहे ना? दर रविवारी चढून या, फुकटात उतरेल.” शेजारचे दोघे फिदीफिदी हसले. जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला हे सांगायचं! नकारापेक्षा ते हसणं अजून टोचतं. उद्या माझ्या हृदयाची बायपास झाली, मधुमेहाने पाय कापावा लागला, तर हीच पॉलिसी पैसे मोजेल. पण तिथवर जाऊ नये म्हणून करायचं ऑपरेशन तेवढं नटण्यामुरडण्याचं!

कॉस्मेटिक तर ते नाहीच. विमा नियामक आयआरडीएआयने 2019 मध्ये वगळण्याच्या कलमांची भाषा ठरवून दिली. तिच्यात लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट बाद नाही. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान 18 हवं आणि बीएमआय 40 किंवा जास्त. 35 ते 40 च्या मध्ये असेल, तर सोबत आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया हवा, आणि साधे उपाय करून झालेले हवेत. माझा बीएमआय साडेसदतीस. आमच्या ग्रुप पॉलिसीत मात्र ‘बॅरिॲट्रिक’, म्हणजे हेच ऑपरेशन, वगळण्यांच्या वेगळ्या यादीत कोंबलेलं निघालं. प्रीमियमची घासाघीस करताना कुणीतरी ते मान्य केलं असणार. कुणी, ते आजतागायत मला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून ज्यांची वेळ अजून यायची आहे त्यांनी ऐका. कार्ड आणि रंगीत पत्रक बाजूला ठेवा, मूळ पॉलिसीची वगळण्यांची यादी मागा, तीही ईमेलवर. तोंडी ‘होईल हो’ला किंमत नाही. डॉक्टरांच्या पत्रात बीएमआय, एचबीएवनसी, झोपेच्या तपासणीचा अहवाल आणि आधी केलेले उपचार तारखांसह येऊ द्या. नुसतं ‘वजन कमी करण्यासाठी’ असं लिहिलेलं पत्र आयतंच विमा कंपनीच्या पथ्यावर पडतं. नकार कलमासकट लेखी घ्या. मग विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत जा. पॉलिसीत स्पष्ट नाव घालून वगळलं असेल तर तिथेही फार आशा धरू नका. भाषा मोघम असेल तर सोडू नका.

एजंट टॉप-अप गळ्यात मारायला टपलेलेच असतात. त्यातही हेच कलम असू शकतं, आधी वाचा. स्वतःची वेगळी पॉलिसी घेताना साखर लपवू नका. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, पण लपवलेलं उघडं पडलं तर क्लेमच जातो.

पॉलिसीचं नूतनीकरण व्हायच्या दोन-तीन महिने आधी युनियनमार्फत बॅरिॲट्रिक वगळणारं कलम बदलायची लेखी मागणी द्या, कारण एकदा सही झाली की वर्षभर कोणी ऐकत नाही. आम्ही यंदा दिली आहे. साहेबांनी पोच द्यायला टाळाटाळ केली, म्हणून तीच मागणी ईमेलनेही पाठवली.