एकवीस वर्षांचा परमवीर

मुलांनो, एकवीस वर्षांचा तरुण म्हणजे केवढा? तुमच्यापैकी कित्येकांचे मोठे भाऊ याच वयाचे असतील. कोणी महाविद्यालयात शिकत असेल, कोणी नुकताच नोकरीला लागला असेल. आज आपण अशाच एका तरुणाची ओळख करून घेणार आहोत. त्याचे नाव सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुणे येथे झाला. त्याचे वडील सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते. आजोबाही पहिल्या महायुद्धात लढले होते. शालेय शिक्षण संपल्यावर अरुण पुण्याजवळील खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे डेहराडूनचे शिक्षण पूर्ण करून तो १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत अधिकारी झाला. या पलटणीचा इतिहास शौर्याचा होता. १९६५ च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनी प्राण दिले होते आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले होते.

अरुण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण घेत होता. तेवढ्यात डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले. प्रशिक्षण अर्धवट सोडून तो आपल्या पलटणीकडे गेला. असे सांगतात, की त्याने सामानात गोल्फ खेळण्याच्या काठ्याही घेतल्या होत्या. लाहोरला जाऊन गोल्फ खेळू, असे तो म्हणे. पाहा, युद्धाला निघालेला हा अधिकारी मनाने अजून किती लहान होता!

शकरगड भागात बसंतर नावाची नदी आहे. १५ डिसेंबरच्या रात्री भारतीय पायदळाने ती ओलांडून पलीकडे पाय रोवले. परंतु तेथे जमिनीत जागोजागी सुरुंग पेरलेले होते. लष्कराचे अभियंते जीव धोक्यात घालून ते काढत होते. पायदळाच्या मदतीला रणगाडे तातडीने हवे होते. म्हणून वाट पूर्ण साफ होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सचे रणगाडे पुढे निघाले.

१६ डिसेंबरच्या सकाळी जरपाल गावाजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी जोरदार हल्ला चढवला. भारतीय तुकडीने मदत मागितली. ती हाक ऐकताच अरुण आपले रणगाडे घेऊन धावला. समोर शत्रूची संख्या जास्त होती. तरीही अरुण आणि त्याचे साथीदार जागेवरून हलले नाहीत. एकामागून एक शत्रूचे रणगाडे निकामी होऊ लागले. या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांपैकी चार अरुणने उडवले, असे त्याच्या मानपत्रात नमूद आहे.

इतक्यात अरुणच्या रणगाड्यावर गोळा आदळला. रणगाड्याला आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम त्याला वायरलेसवरून मिळाला. परंतु आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्याने कळवले. तो लढत राहिला. थोड्याच वेळात दुसरा गोळा लागला आणि अरुण धारातीर्थी पडला. शत्रूला मात्र पुढे सरकता आले नाही.

त्याला अधिकारी होऊन अवघे सहा महिने झाले होते. दुसऱ्याच दिवशी, १७ डिसेंबरला, युद्ध थांबले. आता आपला मुलगा घरी येणार, या आशेने आईवडील वाट पाहत होते. आली ती त्याच्या मृत्यूची तार. सरकारने अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र दिले. तोपर्यंत इतक्या लहान वयात हा सन्मान कोणालाही मिळाला नव्हता.

मुलांनो, ही हकिकत येथेच संपत नाही. खेतरपाल कुटुंब मूळचे सरगोध्याचे. फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात गेले. २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, अरुणचे वडील आपले जुने गाव पाहण्यास गेले. लाहोरला पाकिस्तानी सैन्यातील निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि फार आदराने त्यांचा पाहुणचार केला. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी मनातली गोष्ट सांगितली. बसंतरच्या लढाईत तेच अरुणच्या समोर होते. अरुणचा मृत्यू त्यांच्याच हातून झाला होता.

वृद्ध पिता निःशब्द झाला. ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याच्याच गोळ्याने मुलगा गेला होता! पण ते स्वतः सैनिक होते. दोघांनीही आपापले कर्तव्य केले होते, हे ते जाणत होते. अरुण आमच्या मार्गात खडकासारखा उभा राहिला, अशा अर्थाचे शब्द नासर यांनी पुढे त्यांना लिहून पाठवले.

खडकवासल्याच्या संचलन मैदानाला आज अरुणचे नाव आहे. त्याचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा अहिल्यानगरला जपून ठेवला आहे. पण शहिदाची आठवण केवळ मैदानात आणि रणगाड्यात राहत नाही. मागे साथीदार आहेत, म्हणून जागा सोडायची नाही, हे अरुणने शिकवले. आणि ज्याने मुलगा गमावला तोही मनात वैर न धरता जगू शकतो, हे त्याच्या वडिलांनी शिकवले. मुलांनो, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा.

शब्दार्थ
रणगाडा – टँक
पलटण – सैन्याची तुकडी
धारातीर्थी पडणे – लढताना मरण येणे
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेला
निःशब्द – खामोश

स्वाध्याय
१. अरुणने रणगाडा सोडण्यास नकार का दिला?
२. लाहोरच्या यजमानांनी कोणती गोष्ट सांगितली?
३. अरुणच्या वडिलांच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? पाच वाक्ये लिहा.