जुना सदरा

मुलांनो, नवे कपडे कसे शिवतात हे तुम्ही शिंप्याच्या दुकानात पाहिले असेल. पण नवे कपडे जुने कसे करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? नाटक-सिनेमात हे काम पुष्कळदा करावे लागते. मराठी रंगभूमीवर वेशभूषेच्या विभागाला 'कपडेपट' म्हणतात.

एका वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांनी भुताचे नाटक बसवले. लालबागच्या एका बंद गिरणीत साचेवाल्याचे भूत रोज रात्री साचा चालवते, अशी त्याची गोष्ट होती. भूत होणाऱ्या मुलाने नव्या सदऱ्याला कात्रीने भोके पाडली आणि त्यावर लाल रंग शिंपडला. रंगीत तालमीत भूत आले आणि सगळे खो खो हसले!

त्या मुलाचे दादाजान मदनपुऱ्यात राहत. परळच्या एका गिरणीत त्यांनी साचेखात्यात काम केले होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर दादाजानांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही.

फाटका सदरा पाहून ते म्हणाले, "बेटा, कपडा कात्रीने जुना होत नाही, तो कामाने जुना होतो." त्यांनी पेटीतून आपला सदरा काढला. तो पोटापाशी विरला होता, कारण साच्यावर वाकताना कापड तिथेच घासले जाई. कॉलर घामाने पिवळी पडली होती. बाह्यांच्या कडांचे धागे सुटले होते.

"दादाजान, हाच सदरा द्या ना!" मुले म्हणाली.

"नाही. हा माझा आहे. तुम्ही दुसरा तयार करा. लोकांनी भुताला भ्यावे, पण साचेवाल्याला हसू नये."

असा सदरा तुम्हीही करू शकता. सुती सदरा घ्या. पॉलिएस्टरवर चहाचा रंग नीट चढत नाही. आधी तो धुऊन त्याची खळ काढा. मग माणूस काम करताना कापड कुठे घासेल, याचा विचार करा. तेवढ्याच जागी सुताराचा पॉलिश पेपर घासा. मोठ्या माणसांच्या मदतीने चहापत्ती पाण्यात उकळा. ते पाणी गाळून त्यात सदरा रात्रभर भिजू द्या. नंतर तो पिळून, तसाच पिळलेला वाळवा. म्हणजे रंग कुठे गडद, कुठे फिका दिसेल. तेलकट डाग दाखवायला कोळशाची पूड ओल्या बोटाने लावा.

संमेलनाच्या रात्री भूत रंगमंचावर आले, तेव्हा कोणीही हसले नाही. पडदा पडल्यावर दादाजानांनी तो सदरा हातात घेतला. पोटापाशी विरलेल्या जागेवरून बोट फिरवत ते हळूच म्हणाले, "होय, इथेच."

शब्दार्थ
साचा – गिरणीतील कापड विणण्याचे यंत्र
रंगीत तालीम – पोशाखासह केलेली नाटकाची तालीम
विरणे – वापरून कापड पातळ होणे
खळ – कलफ

स्वाध्याय
1. रंगीत तालमीत भूत पाहून सगळे का हसले?
2. दादाजानांनी आपला सदरा का दिला नसावा?
3. घरातील एखादा जुना कपडा पाहा. तो कुठे व का विरला आहे, ते पाच वाक्यांत लिहा.