तपासणीला कोण आलंय? आधी विचारा, मग दाखवा



मागच्या महिन्यात भर दुपारी एका ताईंचा फोन आला. वारणानगरजवळच्या एका गावात त्या घरीच पाळणाघर चालवतात. कामावर जाणाऱ्या बायकांची सात मुलं त्यांच्याकडे असतात. आवाज घाबरलेला होता. "मॅडम, एक साहेब आल्यात. तपासणी हाय म्हणत्यात. आत फिरून फोटो काढल्यात. परवाना न्हाई, बंद करा, न्हाईतर हजारात मिटवू म्हणत्यात."

मी म्हटलं, "ताई, त्यांचं ओळखपत्र बघा. कुठल्या खात्यातून आणि कुठल्या कायद्याखाली आलात, ते विचारा." साहेब म्हणाले, ओळखपत्र गाडीत आहे. गाडीकडे गेले ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मुलं झोपतात त्याच खोलीत गॅसची शेगडी होती. पालकांचे फोन नंबर कुठेच लिहिलेले नव्हते. खरा अधिकारी आला असता तर त्याने हेच दाखवलं असतं, आणि त्याचं बरोबरच ठरलं असतं. म्हणून या महिन्याचा पाठ दोन्ही बाजूंनी वाचा: तपासणाऱ्याला काय अधिकार आहे, आणि आपली तयारी किती आहे.

१. घरचं पाळणाघर

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण केली. सीसीटीव्हीत ते दिसलं आणि राज्यभर संताप उसळला. खाजगी पाळणाघरांसाठी राज्यात वेगळा परवान्याचा कायदाच नाही, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

इंग्लंडमध्ये काय आहे बघा. तिथे आठ वर्षांखालची मुलं पैसे घेऊन दिवसाला दोन तासांहून जास्त घरी सांभाळायची, तर सरकारी यंत्रणेकडे किंवा मान्यता असलेल्या एजन्सीकडे नोंदणी करावी लागते. २००६ च्या कायद्याने तिथल्या निरीक्षकाला आत येऊन जागा बघण्याचा, नोंदी तपासण्याचा, सांभाळणाऱ्या बाईशी एकांतात बोलण्याचा अधिकार दिला आहे. त्याला अडवणं गुन्हा आहे. म्हणजे अधिकार मोठा, पण तो कायद्यात लिहिलेला.

आपल्याकडेही हाच नियम लावा. येणाऱ्याने आपला अधिकार कुठून आला ते सांगितलं पाहिजे. मात्र मुलाला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पोलीस आले, तर त्यांना अडवू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आपल्याला आली तरी पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. "आपल्या गावातली गोष्ट, कशाला वाढवायची" असं म्हणून गप्प बसणं हाही गुन्हाच.

२. अंगणवाडी

इथे पर्यवेक्षिका मॅडम आणि बालविकास प्रकल्प अधिकारी येतात. हजेरी, मुलांची वजनं, आहाराचा साठा, स्वच्छता हे सगळं त्या बघू शकतात, आहार चाखू शकतात, वरती अहवाल देऊ शकतात. जागेवर रोख दंड घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे. अंगणवाडीतला आहार मुलांचा हक्क आहे, म्हणून आई या नात्याने तुम्हीही विचारू शकता. तक्रारीसाठी जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. चौकशी करताना माणसाला बोलावून घेण्याचा, कागदपत्रं मागवण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आयोगाला आहे.

३. गटाचा गरम आहार

अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं. त्यामुळे आपल्यासारख्या गटांना हे काम मिळालं. पण काम मिळालं की तपासणीही आली. अन्न सुरक्षा अधिकारी २००६ च्या कायद्याखाली स्वयंपाकाच्या जागेत येऊ शकतात, नमुना घेऊ शकतात, संशय आला तर माल जप्त करू शकतात. त्यांच्यावरची बंधनं मात्र आपल्याला कुणी सांगत नाही:

• नमुना घेताना तशी लेखी नोटीस द्यावी लागते.
• नमुन्याची नेहमीच्या दराने किंमत द्यावी लागते.
• नमुन्याचे चार भाग करून ते सील करावे लागतात. आपण मागणी केली, तर त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.
• अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील करता येतं.

विनाकारण त्रास देण्यासाठी माल जप्त केला, तर अधिकाऱ्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार खोटी ठरली, तर दंड तक्रार करणाऱ्याला. म्हणून रागाच्या भरात काही लिहू नका, घडलं तेवढंच लिहा.

४. निराधार मुलं राहतात ती संस्था

सगळ्यात कडक तपासणी इथे आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे, सरकारी अनुदान असो वा नसो, नोंदणी हवीच. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी यायचंच असतं. समितीत किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. म्हणून "चार पोरकी पोरं आणून ठेवू या" असं कितीही चांगल्या मनाने वाटलं, तरी आधी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन या.

दारात कुणी आलं तर

१. नमस्कार करा, बसायला सांगा, पाणी द्या. आवाज चढवू नका.
२. ओळखपत्र बघा. नाव, हुद्दा, खातं, वेळ वहीत लिहा.
३. अधिकार असेल तर सगळं दाखवा. काही लपवू नका.
४. शेऱ्याची प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको.
५. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.
६. मूल संकटात दिसलं तर १०९८.

बैठकीत बोलू या

• तुमच्या गावात घरी मुलं सांभाळणाऱ्या किती जणी आहेत? त्यांच्याकडे हजेरी वही, पालकांचे नंबर, प्रथमोपचार पेटी आहे का?
• शेगडी, पाण्याची टाकी, विजेचा बोर्ड मुलांच्या हाताला लागतो का?
• मुलाची आई न सांगता मधेच आली, तर तिला आत येऊ देतो का?

शेवटचा प्रश्न नीट चर्चा करून लिहून ठेवा. त्या ताईंनी आता शेगडी मागच्या पडवीत हलवली आहे आणि सातही मुलांच्या घरचे नंबर भिंतीवर लावलेत. "आता खरं साहेब आलं तरी भ्या न्हाई," असं त्या म्हणाल्या. आपल्या पाळणाघरात, अंगणवाडीत असं काय बदललं, ते पुढच्या बैठकीत सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक