तुटक्या बादलीचा चेंडू

खेळ हा शिक्षणाचाच एक भाग आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. तथापि शाळा-कॉलेजांतील खेळ नक्की कोणासाठी असतो, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. एखाद्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात निवड होते, शेकडो विद्यार्थ्यांतून राखीव गडी धरून पंधरा-सोळा जण घेतले जातात, सामने होतात, ढाल मिळाली तर छायाचित्र निघते, न मिळाली तर पुढील वर्षाची वाट पाहावयाची. यात गैर काही नाही. परंतु मैदानाच्या कुंपणाबाहेर जी मुले उभी असतात, त्यांचा हंगाम केव्हा येतो? नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील एका क्रीडाशिक्षकाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा अभ्यास या लेखात करावयाचा आहे.

फुटबॉल आपल्या देशात आला तो मुख्यतः गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईस रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ साली सुरू झाले व प्रारंभी कित्येक वर्षे तो चषक पलटणींकडेच राहिला. त्याच वर्षी श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को या मिशनऱ्याने हा खेळ आणला. तेव्हा चामड्याच्या चेंडूस पाय लावल्याने विटाळ होतो म्हणून तेथील ब्राह्मण विद्यार्थी खेळावयास तयार होईनात. पुष्कळ आग्रहानंतर खेळ सुरू झाला. म्हणजे या चेंडूपुढे प्रथम उभा राहिला तो शिवाशिवीचा प्रश्न होय. चामडे कमावणाऱ्याचा स्पर्श ज्यांना चालत नव्हता, त्यांना त्याच चामड्यामागे धावावे लागले.

आता नागपूरकडे वळू. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. त्याने शाळा काढली, भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, आणि ज्यांच्याकडे विद्वानांचे फारसे लक्ष नव्हते त्या गोंड लोकांची भाषा, गीते व चालीरीती टिपून ठेवल्या. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून त्याचा अंत झाला. १८८३ साली स्थापन झालेले कॉलेज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

याच कॉलेजात श्री. विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील काही मुले एक तुटकी बादली पायाने ढकलीत खेळत असलेली त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल आणून दिला. मुले मैदानावर असतात तेवढा वेळ ती व्यसनांपासून व वाईट संगतीपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढील वर्षी, म्हणजे २००२ साली, त्यांनी खास झोपडपट्ट्यांतील संघांसाठी सामने भरविले, आणि त्यात १२८ संघ उतरले! जेथे एकही खेळाडू नाही असे नगर मानीत होते, तेथे एवढे संघ अगोदरच होते. उणीव होती ती फक्त चेंडूची व बोलावणाऱ्याची.

'झोपडपट्टी फुटबॉल' हे त्या कार्याचे पहिले नाव. पुढे ते 'स्लम सॉकर' या नावाने जगास ठाऊक झाले. बेघरांची जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी सुरू झाली होती. तीत एका वेळी प्रत्येक बाजूचे चारच गडी मैदानात असतात व सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. या स्पर्धेत नागपूरच्या संस्थेने भारताचे संघ उतरविले. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, या संस्थेस आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली आलेला श्री. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट याच कार्यावर आधारलेला आहे.

यावर कोणी विचारील, खेळाने पोट भरते काय? भरत नाही. चेंडू दिल्याने दारिद्र्य हटत नाही, घरास छप्पर येत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मुलास आजवर 'तू येथून हो' एवढेच ऐकावयास मिळाले, त्यास 'तू या जागी उभा राहा, तुझ्यावाचून आमचे अडते' असे कोणी म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. फुटबॉलमध्ये गोलरक्षकास आघाडीच्या गड्याची व आघाडीच्या गड्यास गोलरक्षकाची गरज असते. संत पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली, तिचा अर्थही हाच आहे: दुर्बळ दिसणारा अवयवदेखील टाकाऊ नसतो. आपण हरवू शकत नाही असा कोणी नाही, आणि आपल्यास हरवू शकत नाही असाही कोणी नाही, हे मैदान पुस्तकापेक्षा लवकर शिकविते.

आपल्या कळवण तालुक्यातील स्थिती नागपूरच्या झोपडपट्टीसारखी नाही. तरी दूरच्या पाड्यांवरून पायी येणारी, शाळा सुटताच कांद्याच्या शेताकडे वळणारी, आईबाप द्राक्षांच्या कामास दिंडोरी-निफाडकडे गेले म्हणजे घरी धाकट्या भावंडांस सांभाळणारी मुले आपल्याच वर्गांत बसतात. संघाची निवड सायंकाळी होते. त्या वेळी ती घरच्या वाटेवर असतात. त्यांच्या पायांत बळ नाही असे नव्हे. आपल्या वेळापत्रकात त्यांना जागा नाही.

म्हणून संघनायकांस व शिक्षकबंधूंस एवढेच सांगणे आहे की, पुढील हंगामी निवड शक्यतो मधल्या सुटीत करावी, आणि संघाचे छायाचित्र काढण्यापूर्वी एकदा कुंपणाबाहेर पाहावे. तेथे कोणी तुटकी बादली घेऊन खेळत असल्यास त्यास आत बोलवावे. ढाल मिळो वा न मिळो, तो हंगाम व्यर्थ गेला असे कोणी म्हणणार नाही.