आधीं ब्रेक, मग वेग

पनवेलकरांस वेगाची ओळख निराळी करून द्यावयास नको. कळंबोलीहून पुण्याकडे जाणारा द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा होऊन खुला झाला. तेव्हांपासून वेग आपल्या दारावरूनच धांवत आहे. अलीकडे तो घरांतल्या पडद्यावरहि येऊन बसला आहे. मोटारींच्या शर्यतींचे व्हिडिओ गेम आमच्या विद्यार्थ्यांत इतके प्रिय झाले आहेत कीं, मधल्या सुटींत दुसरी गोष्ट क्वचितच कानीं पडते. पालक विचारतात, "यांतून मुलास काय लाभणार?" मुलें विचारतात, "आमची फेरी याहून लवकर कां पुरी होत नाहीं?" आमच्या मतें दोहोंचें उत्तर एकच आहे.

प्रथम खेळांतील भेद ध्यानीं घ्यावा. कांहीं खेळांत गाडी भिंतीवर आदळते आणि तशीच पुढें पळते. ती निव्वळ करमणूक होय. दुसऱ्या प्रकारास सिम्युलेशन म्हणतात. त्यांत टायरची पकड, गाडीचें वजन, रस्त्याचा चढउतार यांचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं क्षणोक्षणीं केला जातो. जपानांत १९९७ सालीं निघालेला 'ग्रान टुरिस्मो' व इटलींत तयार झालेला 'असेटो कोर्सा' हे या प्रकारचे खेळ. आमचें विवेचन अशा खेळांविषयीं आहे.

नववींतील एक विद्यार्थी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर सराव करीत असे. २०११ ते २०१३ या तीन वर्षीं फॉर्म्युला वनच्या शर्यती जेथें झाल्या, तोच हा ५.१२५ किलोमीटरांचा मार्ग. खेळांतहि तो उतरविलेला आहे. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटराहून लांब सरळ पट्टा लागतो व त्याच्या शेवटीं उजवीकडे तीव्र वळण आहे. त्या वळणावर या मुलाची गाडी हटकून मार्गाबाहेर जाई. दोष हातांतल्या साध्या कंट्रोलरचा आहे असें त्याचें ठाम मत होतें, आणि महागडें स्टिअरिंग घेऊन द्या म्हणून त्यानें वडिलांपाशीं हट्ट धरला होता. त्याच्या दोनतीन फेऱ्या पाहून आम्ही एवढेंच सांगितलें, "चार दिवस ब्रेक पन्नास मीटर अगोदर दाब." तो हिरमुसला, परंतु पांचव्या दिवशीं येऊन म्हणाला, "सर, हळू गेलों आणि वेळ कमी लागला!"

हें नवल नव्हे, गणित आहे. टायरची पकड रुपयाच्या सोळा आण्यांसारखी मोजकी असते. सगळे आणे ब्रेकांत खर्चिले तर वळण्यास कांहीं उरत नाहीं, आणि गाडी सरळ पुढें घसरते. म्हणून ब्रेक गाडी सरळ असतांनाच जोरानें दाबावा आणि वळूं लागतांच हळूहळू सोडावा. ॲक्सिलरेटर मात्र स्टिअरिंग सरळ होऊं लागेल तसतसा वाढवावा. वळणांतून नीट बाहेर पडलेली गाडी पुढचा सगळा सरळ पट्टा अधिक वेगानें कापते. खरा लाभ तेथें होतो.

दुसरी गोष्ट मार्गरेषेची. वळण बाहेरच्या कडेनें सुरू करावें, मध्यें आंतल्या कडेस टेकावें व पुन्हां बाहेरच्या कडेस जावें. यायोगें वळणाची त्रिज्या वाढते. त्रिज्या चौपट झाली तर त्याच पकडीवर वेग दुप्पट ठेवतां येतो, हें आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें. तिसरी गोष्ट दृष्टीची. नजर गाडीच्या नाकावर न ठेवतां पुढें जेथें जावयाचें तेथें ठेवावी. हात आपोआप शांत होतात.

सरावाची पद्धति अभ्यासासारखीच असावी. एक गाडी, एक मार्ग व एकाच वेळीं एकच सुधारणा. दहा फेऱ्या कराव्या आणि प्रत्येकीचा वेळ वहींत टिपावा. एक फेरी विलक्षण जलद व नऊ वेड्यावाकड्या, यापेक्षां दहाहि फेऱ्या सारख्या असणें ही खरी प्रगति. नंतर आपल्या फेरीचें चित्रण पुन्हां पाहून चूक कोठें झाली तें शोधावें. चाकें जाम होऊं न देणारी एबीएससारखी साहाय्यें आरंभीं राहूं द्यावीं व हात बसल्यावर एकेक काढावीं. स्टिअरिंग व पेडल यांनीं पकड सुटल्याची जाणीव हातापायांस लवकर होते हें खरें. पण सवयी सुधारण्यापूर्वीं त्यांवर पैसा खर्चूं नये. डोळे व हात थकले कीं सराव थांबवावा, कारण थकलेला हात चुकाच पाठ करतो.

अशा सरावाचें चीज होऊं शकतें. २००८ सालीं सुरू झालेल्या 'जीटी अकॅडमी' या स्पर्धेनें खेळ खेळणाऱ्यांतून खरे शर्यतपटू निवडले. २०१४ मध्यें ती भारतांतहि झाली. २०११ चा विजेता यान मार्डनबरो हा दोनच वर्षांनीं फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत संघासह तिसरा आला. परंतु त्याचीच दुसरी हकीकतहि मुलांनीं वाचावी. मार्च २०१५ मध्यें जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंगवर त्याची गाडी हवेंत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा प्राण गेला. पडद्यावर अपघातानंतर एक बटण दाबलें कीं नवी गाडी मिळते. तेथें असें बटण नव्हतें.

विद्यार्थीमित्रहो, शर्यतीच्या मार्गावर सर्व गाड्या एकाच दिशेनें धांवतात, म्हणून तेथें कडेपासून कडेपर्यंत रस्ता वापरणें हें कौशल्य ठरतें. घाटांतल्या रस्त्यावर तेंच केलें तर समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेततें. ताशी ६० चा वेग १२० झाला तर गाडी थांबविण्यास ब्रेक लावल्यापासून सुमारें चौपट अंतर लागतें. मोटारीचा परवाना १८ वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या सुधारित कायद्याप्रमाणें पालकांस वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. ज्या पालकांच्या किल्ल्या खुंटीवर मोकळ्या लोंबत असतात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्याचे वडील पुढें पालकसभेंत भेटले. स्टिअरिंगचा हट्ट त्यानें आपण होऊन सोडला होता. "पूर्वीं खंडाळ्याच्या घाटांत हा मला पुढचा ट्रक मागें टाकावयास सांगे," ते म्हणाले. "परवां म्हणाला, बाबा, अंतर ठेवा, वळण जवळ आलें."