बिनतारी जाळ्यातील न्याय्य वाटप

वस्तू मुबलक असते तोवर वाटपाचा प्रश्न कोणाला सुचत नाही. तुटवडा पडला म्हणजे न्यायाची कसोटी लागते. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाटाचे पाणी आपसांत पाळीने वाटून घेतले. पाटाच्या तोंडाशी असलेल्याने हवे तेवढे घेतले तर शेवटचे शेत कोरडे राहणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. इंटरनेटच्या बाबतीत आज हाच प्रश्न उभा राहतो.

आपल्याच मध्य प्रदेशात, साड्यांमुळे घरोघरी माहीत असलेल्या चंदेरी गावी, डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन व इंटरनेट सोसायटी यांनी २०१० साली बिनतारी जोडणीचे काम सुरू केले. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भारतात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतात, म्हणून अशी कामे लहान गावांनाही परवडतात. याच मार्गाचे पुढचे पाऊल म्हणजे बिनतारी जाळे. त्यात प्रत्येक घरचे यंत्र स्वतःचा संदेश तर पाठवतेच, शिवाय शेजाऱ्याचाही पुढे पोचवते. वाय-फायच्या अशा जाळ्यांसाठीचे नियम २०११ साली ठरले.

आता छत्री चौकाजवळच्या एका गल्लीत ओळीने तीन घरे आहेत असे समजू. मुख्य जोडणी चौकात आहे. तिन्ही यंत्रे एकमेकांना ऐकू येतात, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचे. लहरींची वहनक्षमता सेकंदाला २४ मेगाबिट आहे. पहिल्या घरचा संदेश एका टप्प्यात पोचतो, दुसऱ्याचा दोन व तिसऱ्याचा तीन टप्प्यांत. सर्वांना सारखाच वेग द्यायचा तर १, २ व ३ यांची बेरीज ६. २४ भागिले ६, म्हणजे प्रत्येकास ४ मेगाबिट. याउलट सर्वांना सारखा वेळ दिला तर वाट्यास अनुक्रमे ८, ४ व सुमारे २.७ येतात. पहिली रीत घरांना समान मानते, दुसरी वेळेला. पहिलीत एकूण बेरीज १२ च भरते, दुसरीत ती १४.७ होते, पण शेवटच्या घराचे हित पहिलीतच अधिक आहे. एखाद्याची गरज थोडी असेल तर त्याचे उरलेले इतरांस द्यावे. पहिल्यास १ मेगाबिट पुरला, तर बाकी दोघांना ४.६ मिळतात.

कोणताच नियम नसेल तर पहिले घर आपल्याच संदेशांनी रांग भरून टाकते. शेजाऱ्याचा संदेश दोन टप्पे चालून येतो आणि दाराशी जागा नाही म्हणून फेकला जातो. तोवर खर्च झालेला वेळ वाया जातो तो वेगळाच. उपाय दोन. प्रत्येक घराची रांग वेगळी ठेवून पाळीने एकेक संदेश घ्यावा. आणि पुढे जाणार नाही एवढा माल मुळातच पाठवू नये.

वाट्याखेरीज तातडीचाही विचार करावा लागतो. चित्रपट उतरवून घेणारा क्षणभर थांबू शकतो. डॉक्टरांशी फोनवर बोलणारा रुग्ण थांबू शकत नाही. आवाज एका बाजूने १५० सहस्रांश सेकंदांच्या आत पोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा सल्ला आहे. म्हणून २००५ साली वाय-फायच्या नियमांत संदेशांचे चार वर्ग करण्यात आले: आवाज, चित्र, साधा व सावकाशीचा. मात्र प्रत्येकाने आपला संदेश तातडीचा म्हटला तर तातडीस अर्थच राहत नाही. त्या वर्गालाही मर्यादा हवी.

सारांश, यंत्र हिशेब ठेवील. पण समान काय मानायचे, हे माणसांनी आधी बसून ठरवले पाहिजे. अशा जाळ्याची परीक्षा पहिल्या घरी न करता शेवटच्या घरी करावी, असे आम्हांस वाटते. बालवाचकांनी गल्लीत चौथे घर धरून समान वेगाचा हिशेब करून पाहावा. उत्तर २.४ येईल.