हिवाळ्याची खतावणी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या गणपतीच्या सुट्टीत मी निपाणीला घरी गेले, तेव्हा आप्पांनी मला दुकानात बसवून घेतले आणि विचारले, "तू कॉमर्स शिकतीस नव्हं? मग सांग बघू, यंदा स्वेटर किती मागवू?"

आमचे कापडाचे लहानसे दुकान आहे. हिवाळ्याचा माल, म्हणजे स्वेटर, मफलर, कानटोप्या आणि लोकरी शाली, गणपतीच्या आसपास कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडे सांगून ठेवावा लागतो. तो लुधियानाहून येतो आणि दिवाळीनंतर खपतो. गेली दोन वर्षे मात्र निम्म्याहून अधिक माल माळ्यावर पडून राहिला. पैसे अडकले ते अडकलेच, वर डांबराच्या गोळ्यांचा खर्च. आप्पांचे निदान ठरून गेले होते. "थंडीच ऱ्हायली न्हाई, तर स्वेटर घालून कोण बसंल?" बाजाराच्या दिवशी चिकोडीकडून येणारे एक कन्नड गिऱ्हाईकही त्यांना दुजोरा देऊन गेले, "ई वर्स थंडीन इल्लरी." (आमच्याकडे थंडीला दोन्ही भाषांत थंडीच म्हणतात, 'चळी' हा शब्द मी पुस्तकातच अधिक वाचला आहे.)

दोन्ही भाषांत एकमत झाल्यावर बोलायला जागा उरत नाही. पण सांख्यिकीचा पेपर नुकताच झाला होता आणि डोक्यात वारे भरले होते. मी म्हटले, "आप्पा, वह्या द्या. मोजून सांगते."

लाल कापडात बांधलेल्या विक्रीवह्या मी माळ्यावरून उतरवल्या. प्रत्येक हिवाळ्यात स्वेटर, मफलर व कानटोप्या मिळून किती नग खपले ते उतरवून घेतले, पाच पाच वर्षांची चल सरासरी काढली आणि आलेखाच्या कागदावर रेघ ओढली. रेघ उताराला लागलेली दिसली. मला कोण आनंद झाला! थंडी कमी होत चालल्याचा पुरावा आमच्याच माळ्यावर सापडला होता. तो आलेख मी बेळगावला येऊन आमच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "ही रेघ थंडीची आहे, की तुमच्या दुकानाची?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. विचार केला तेव्हा ध्यानात आले की, याच वर्षांत गावात मोटारसायकली वाढल्या आणि त्यांवर बसणाऱ्या पोरांना स्वेटर नको, जॅकेट हवे. आप्पा जॅकेट ठेवत नाहीत. शहरात हिवाळा लागला की तिबेटी विक्रेत्यांच्या स्वेटरांच्या रांगा लागतात. शिवाय मोबाईलवर मागवलेला माल आता घरपोच येतो. थंडी आहे तशीच राहिली असती, तरीही आमची रेघ खाली आलीच असती.

सरांनी मग मला थेम्स नदीची गोष्ट सांगितली. बेळगावच्या थंडीच्या लेखात लंडन कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हिवाळा बदलला का, या प्रश्नाचा सर्वांत जुना हिशेब त्यांच्याकडेच आहे, आणि आमच्या वह्यांत मी केलेली चूकही त्यांच्याकडे फार पूर्वी होऊन गेलेली आहे.

जुन्या काळी काही हिवाळ्यांत लंडनमध्ये थेम्स नदी गोठून जाई आणि बर्फावर जत्रा भरे. दुकाने मांडली जात, खेळ होत. अशी शेवटची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. नदीवरून हत्ती चालवत नेल्याचे त्या वेळचे वर्णन आहे. त्यानंतर जत्रा नाही. तेव्हा पूर्वीसारखी थंडी राहिली नाही, असे म्हणणे किती सोपे! पण लंडनच्या जुन्या पुलाला अनेक अरुंद कमानी होत्या. त्यांच्यामुळे पाणी तुंबे, प्रवाह संथ होई आणि बर्फ साचे. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला गेला, पुढे काठही बांधून काढले. पाणी जोरात वाहू लागले. १९६२-६३ चा इंग्लंडमधला हिवाळा १७४० नंतरचा सर्वांत कडक होता, म्हणजे १८१४ पेक्षाही थंड. तरी त्या वर्षी लंडनच्या मध्यभागी थेम्स गोठून गेली नाही. जत्रा बंद पडली त्यात पुलाचा वाटा मोठा होता. आमच्या दुकानातली जॅकेटे म्हणजे त्यांचा पूल, असे मी वहीत लिहून ठेवले.

मग तिथली थंडी कमी झालीच नाही काय? झाली आहे, पण ते जत्रांवरून नव्हे, तापमापकावरून कळते. मध्य इंग्लंडच्या तापमानाची महिनावार नोंद १६५९ पासून सलग उपलब्ध आहे. गॉर्डन मॅनली या अभ्यासकाने जुन्या रोजनिशा आणि वेधशाळांच्या वह्या जुळवून ती सिद्ध केली. आमच्याकडे शिवाजी महाराजांनी अफजलखानाला भेट दिली ते हे वर्ष! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या तुलनेत ही सरासरी आता एक अंशाहून अधिक वर सरकली आहे.

एका अंशाने काय बिघडते? माझाही हाच प्रश्न होता, आणि या लेखातला खरा धडा इथेच आहे. ब्रिटन हे चोहोंकडून समुद्राने वेढलेले बेट. हिवाळ्यात वारा बहुधा पश्चिमेच्या महासागरावरून येतो आणि तो दमट, सौम्य असतो. वारा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून आला तरच बर्फ पडतो, आणि तोही पुष्कळदा शून्य अंशाच्या अगदी उंबऱ्यावर. उंबऱ्यावरचा बर्फ एका अंशात पाऊस होऊन जातो. म्हणजे सरासरी थोडी हलते, पण उंबऱ्यापलीकडच्या दिवसांची संख्या फार हलते.

हे आपल्या पेपरातल्या सामान्य वितरणावरून पडताळता येते. समजुतीसाठी आकडे घेऊ. ते बेळगावचे नव्हेत. एका गावी हिवाळ्यातल्या रात्रींचे सरासरी किमान तापमान १४ अंश आहे आणि प्रमाण विचलन २ अंश. दहा किंवा त्याखाली पारा उतरला तर ती 'कडाक्याची रात्र' म्हणू. दहा अंश हे सरासरीपासून दोन विचलने दूर आहे. कोष्टक सांगते की अशा रात्री हजारात सुमारे २३. आता सरासरी फक्त एका अंशाने वाढवून १५ करा. दहा अंश आता अडीच विचलने दूर गेले. कोष्टकात पाहा, हजारात सुमारे ६! डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बासष्ट, म्हणजे हजार रात्री होण्यास सोळा हिवाळे लागतात. पूर्वी दोन हिवाळ्यांत मिळून तीन कडाक्याच्या रात्री येत. आता अडीच-तीन हिवाळ्यांत एक. सरासरी पाहणारा म्हणेल, विशेष काही झाले नाही. शेकोटीजवळ बसणारा म्हणेल, थंडी नाहीशी झाली. दोघेही आपापल्या जागी खरे.

आणि तरीही ती सहा रात्रींची शक्यता शून्य नाही. ब्रिटनमध्ये २०१० चा डिसेंबर १८९० नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर ठरला. २०१८ च्या फेब्रुवारीअखेरीस पूर्वेच्या वाऱ्याने पुन्हा देश बर्फाखाली घातला. अशा वेळी तिथेही लोक म्हणतात, कुठे आहे तुमची तापमानवाढ? एका हिवाळ्याने ती खोटी ठरत नाही, तशी आमच्या दोन वर्षांच्या पडून राहिलेल्या मालाने खरीही ठरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि देशाच्या सरासरी तापमानाचा हिशेब १९०१ पासून मांडला जातो. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. त्याच अहवालात मला हवा होता तो आकडा मिळाला: १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत, वर्षातली जी सर्वांत थंड रात्र असते तिचे तापमान सुमारे ०.४ अंशाने वर गेले आहे. वरच्या उदाहरणात एक अंशाऐवजी हे ०.४ घालून पाहिले, तर हजारातल्या २३ रात्रींच्या सुमारे १४ होतात. पुढे २०२४ हे १९०१ नंतरचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

याचे कारण विज्ञान शाखेचे मित्र माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मला समजले ते असे: सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता वर सोडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की ती निघून जाते आणि पहाट गारठते. ढग आले की वाकळ पांघरल्यासारखे होते; बंगालच्या उपसागरात वादळ उठले की आपल्याकडे ऐन डिसेंबरात उकडू लागते ते यामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड ही अशीच एक वाकळ, फक्त ती ढगांसारखी सरकून जात नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; २०२४ मध्ये ४२० च्या वर गेला.

आणखी एक गंमत कॉमर्सच्या विद्यार्थ्यांसाठी. 'सरासरीपेक्षा तीन अंश कमी' असे वर्तमानपत्रात येते ती सरासरी कुठली? ती तीस वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकवली जाते. पूर्वी १९८१-२०१० ची होती, आता १९९१-२०२० ची आहे. किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष बदलावे तसेच हे. आधार वर सरकला की काल जी रात्र साधारण होती ती आज 'थंड' गणली जाते. आजी पन्नास वर्षांपूर्वीचे आधारवर्ष धरून बोलते, माझी धाकटी बहीण गेल्या वर्षीचे. दोघींचा वाद मिटणार कसा?

आजीचा विषय निघालाच म्हणून सांगते. थंडी गेली याचा तिचा पुरावा आंबेचा. पूर्वी हरभऱ्याच्या शेतात रात्री फडके पसरून ठेवत आणि पहाटे दहिवराने भिजलेले ते फडके पिळून आंब काढत. पोटदुखीवर ती घेत. "आता दहिवरच पडत न्हाई, तर आंब कुठली?" मी विचारले, शेवटचे फडके कधी पसरले होतेस? आजी जरा थांबली. आजोबा गेल्यापासून कुणी पसरलेच नव्हते. पुन्हा थेम्सचा पूल! पण तिचे दुसरे म्हणणे मी सहज टाळू शकले नाही. शाळू आणि हरभरा ही पिके जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या गारव्यावर उभी असतात, त्यांना दहिवराचा आधार असतो. तंबाखूचा वाळलेला पालाही भल्या पहाटे दहिवराने मऊ असतानाच हाताळतात, ऊन चढले की चुरा होतो. निपाणी भागात कोणाला किती वाजता शेतात जावे लागते हे दहिवर ठरवते. आमच्या दुकानाचे नुकसान फार तर माळ्यावर मावेल इतके आहे. ज्यांचे पीकच गारव्यावर, त्यांचा हिशेब निराळा.

दिवाळीच्या आत आप्पांना उत्तर देणे भाग होते. मी सांगितले ते असे: थंडी गेलेली नाही, कडाक्याच्या रात्री विरळ झाल्या आहेत आणि आणखी होतील, पण कुठल्या वर्षी येतील ते सांगता येत नाही. म्हणून जाड स्वेटर निम्मे मागवा, उरलेल्या पैशात हलकी जॅकेटे ठेवा, आणि माळ्यावरचा माल एखाद्या कडक आठवड्यासाठी राहू द्या. तसेच दुकानाच्या भिंतीवर एक तापमापक लावा आणि रोज पहाटे विक्रीवहीच्या समासात आकडा लिहा.

आप्पांनी स्वेटर कमी केले. जॅकेटांची एक पेटी भीत भीत मागवली. तापमापकही आणला, आणि आकडा धाकटी लिहिते. घोंगडी मात्र त्यांनी एकाही नगाने कमी करू दिली नाहीत. मी कारण विचारले तर म्हणाले, "घोंगडं थंडीसाठी कोण घेतंय ग? देवाच्या कार्याला लागतंय ते." हे खतावणीत कुठेच लिहिलेले नव्हते.